नऊ नंबर बसची एर्लिंडा

ॲरिझोनाच्या पूर्वेला, मॅग्डालेना गावात एर्लिंडा आपोडाकाला आडनावाने हाक मारणारी माणसं थोडी. बाकीच्यांसाठी ती ‘नऊ नंबर’. गावच्या शाळेची नऊ नंबरची पिवळी बस तिने एकतीस वर्षं चालवली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी टपाल कचेरीतला माणूस “नऊ नंबर, तुमचं पार्सल आलंय,” असंच म्हणायचा, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची.

नोकरी काही तिने हौसेने धरली नव्हती. नवरा फिदेन्सिओ रानातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा. एका मार्च महिन्यात वाऱ्याने पातं अचानक फिरलं आणि तो तीस फुटांवरून खाली आला. खुबा मोडला, घरी बसला. पदरात दोन वर्षांची यव्हेट. त्याच सुमाराला शाळेला अलामो या लांबच्या नवाहो वस्तीच्या रस्त्यासाठी ड्रायव्हर हवा होता, कारण तो रस्ता कुणालाच नको होता. अर्धा कच्चा, मध्ये पाच ओढे, पावसाळ्यात चिखल आणि हिवाळ्यात बर्फ. एर्लिंडाने तोवर वडिलांचा गुरं नेण्याचा ट्रक सोडून दुसरं काही चालवलं नव्हतं. शाळेचे साहेब म्हणाले, “बाई, छत्तीस फुटी बस आहे ही.”

“गुरं चढताना लाथा मारायची,” ती म्हणाली. “पोरं तेवढं तरी करणार नाहीत.”

पहिल्याच आठवड्यात एका पोराने लाथ मारली. पण तोवर नोकरी पक्की झाली होती.

तिसऱ्या वर्षी शाळेने लहान मुलांवर लक्ष ठेवायला एक मदतनीस दिली. व्हर्ना अपाचितो, अलामोचीच, तिथल्या मूळच्या नवाहो जमातीची बाई. फार मोजकं बोलणारी. पहिले काही आठवडे दोघींमध्ये ‘सुप्रभात’च्या पलीकडे शब्द गेला नाही. मग सप्टेंबरात एका दुपारी ओढ्याला पाणी आलं. बसमध्ये बावीस मुलं. पाणी उथळ दिसत होतं, एर्लिंडाला वाटलं, जाईल गाडी. व्हर्ना काही न बोलता खाली उतरली, बूट काढून पाण्यात शिरली, गुडघ्याच्या वर पाणी आल्यावर परत फिरली आणि बसमध्ये येऊन नुसती मान हलवली. तीन तास तिथेच बसले सगळे. एर्लिंडाने आपल्या डब्यातल्या दोन बरिटोंचे, सारण भरून गुंडाळलेल्या पोळ्यांचे, बावीस तुकडे केले. शेवटच्या पोराच्या वाट्याला मिरचीचा नुसता वास आला. त्या तीन तासांत दोघींचं जे जुळलं ते पुढे कधी तुटलं नाही.

दर ऑक्टोबरात दोघी आपापल्या माणसांना गाडीत घालून चार दिवस फिरायला जायच्या. मॅग्डालेनाहून पश्चिमेला, डॅटिलचे डोंगर, क्वेमाडो, मग ॲरिझोनात शिरून उत्तरेला मेनी फार्म्स गावात व्हर्नाच्या बहिणीकडे. ज्या वर्षी पिन्योनला, म्हणजे खायचे दाणे देणाऱ्या डोंगरी पाइनला, बहर असेल त्या वर्षी वाटेत दोन दिवस झाडांखाली बसून दाणे वेचायचे. हा बहर लहरी. कधी चार वर्षांनी, कधी सात. एर्लिंडाच्या निवृत्तीनंतरच्या सहाव्या साली मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच, डॅटिलला फांद्या वाकल्यात.

गाडी कायम एर्लिंडाच चालवायची. यात कुणी कधी प्रश्न विचारला नव्हता.

त्या वर्षी मे महिन्यात सोकोरोच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की नजरेचा मधला भाग जातोय. डावा डोळा बराच गेलाय, उजव्यात सुरुवात आहे. मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका, आणि तोवर गाडी चालवू नका. तिने मान डोलावली, कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गाडी चालवत घरी आली.

तिला ते आधीच कळलं होतं. दाराची चौकट मध्येच वाकडी दिसायची. विजेचे खांब कमरेत मोडल्यासारखे. समोर पाहिलं की नेमकं जिथे पाहावं तिथे काचेवर अंगठा उमटावा तसा डाग. कडेकडेचं मात्र सगळं स्वच्छ. म्हणून ती रस्त्याच्या उजव्या कडेची पांढरी रेघ धरून चालवायला लागली. एकतीस वर्षांत एका पोराला खरचटलं नव्हतं, त्या हातांना रस्ता पाठ आहे, असं ती स्वतःला बजावायची. फिदेन्सिओने खुबा मोडल्यापासून महामार्गावर कधी गाडी घातली नव्हती. किराणा, औषधं, चर्च, नणंदेला आणणं-सोडणं, सगळं हिच्यावर. आपण चाक सोडलं तर घरच बंद पडेल, हे तिला वाटत होतं. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. चाकामागे नसलेली एर्लिंडा कशी असते, ते तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

तिने कुणालाच सांगितलं नाही. झाकली मूठ ठेवली.

त्या ऑक्टोबरात गाडीत पाच माणसं होती. पुढे एर्लिंडा आणि शेजारी व्हर्ना. मधल्या सीटवर यव्हेट, जी आता आल्बुकर्कला नर्स होती, आणि तिच्याजवळ फिदेन्सिओची थोरली बहीण युफेलिया, वय ऐंशी. सगळ्यात मागे दुलया आणि खोक्यांमध्ये रुतून बसलेला फिदेन्सिओ.

“आमच्या घराण्यात सगळं उलटं,” युफेलियाने पठारावर गाडी लागताच नेहमीचं सुरू केलं. “बायको गाडी हाकते आणि माझा भाऊ सामानात.”

“सामान बरं, वन्सं,” एर्लिंडा म्हणाली. “तक्रार करत नाही.”

“मी कुठे तक्रार करते? मी फक्त सांगते.”

मागून फिदेन्सिओ म्हणाला, “ताई, तुला पुढे उतरवून देऊ का? हरणं आहेत सोबतीला.”

“डावीकडे आहेत,” व्हर्ना म्हणाली. “आठ-दहा. रस्त्यापासून लांब आहेत.”

एर्लिंडाला मनातून हसू आलं. व्हर्ना म्हातारपणी बोलकी झाली होती. हल्ली गाडीत बसली की तिचं चालूच असायचं, पुढे वळण आहे, तो ट्रक बघ किती हळू चाललाय, कुणाची तरी गाय कुंपणाबाहेर आलीय. पूर्वी अलामोच्या चाळीस मैलांत चार शब्द बोलायची नाही.

डॅटिलला खरंच बहर होता. झाडांखाली चादरी अंथरल्या आणि सगळे गुडघ्यांवर बसले. दाणे वाटाण्याहून लहान, तपकिरी, पालापाचोळ्याच्याच रंगाचे. एर्लिंडा डोळे जवळजवळ मिटूनच वेचत होती, बोटांनी. भरलेला दाणा बोटाला जड लागतो, पोचट हलका. संध्याकाळी डबे समोर ठेवले तर तिचाच सगळ्यात भरलेला. युफेलिया घडीच्या खुर्चीवर बसून दिवसभर दुसऱ्यांनी वेचलेलं खात होती आणि टरफलं आपल्याच झग्यावर टाकत होती.

“यंदा दाणे गोड आहेत,” ती म्हणाली. “मागच्या खेपेला माझे दात होते, पण दाणे कडू.”

रात्री क्वेमाडोच्या मोटेलात मुक्काम केला आणि सकाळी लवकर निघाले. आभाळ निळंशार, गवत वाळून सोनेरी, थंडी अशी की काचा पुसाव्या लागल्या. सूर्य पाठीशी होता आणि रस्ता सरळ, नुकताच डांबर ओतल्यासारखा. अशा रस्त्यावर एर्लिंडाला सगळ्यात कमी भीती वाटायची. तिने गाडी ताशी साठ मैलांवर नेली.

युफेलियाला गोळी घ्यायची होती आणि तिची पाण्याची बाटली पुढे व्हर्नाच्या पायाशी घरंगळली होती. व्हर्ना ती घ्यायला वाकली. यव्हेट खिडकीला डोकं टेकून पेंगत होती. पुढे रस्त्याचं काम चालू असल्याच्या नारिंगी पाट्या एकामागून एक मागे गेल्या. एर्लिंडाच्या नजरेच्या कडेला काही तरी नारिंगी चमकलं, पण ते काय ते तिने वळून पाहिलं नाही, कारण नजर रेघेवरून हटवायची नाही हा तिचा नियम होता.

व्हर्ना बाटली घेऊन सरळ झाली.

“थांब,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. पण तिने दोन्ही हात समोरच्या फळीवर रोवले.

एर्लिंडाच्या पायाने तो शब्द तिच्या आधी ऐकला. चाकं किंचाळली, मागून खोकी आणि फिदेन्सिओ पुढे आले, कालचे पिन्योन गाडीभर उधळले. गाडी थांबली. एर्लिंडाने मान थोडी उजवीकडे वळवली, तेव्हा डाग सरकला आणि त्याच्यामागून एक मुलगी निघाली. नारिंगी जाकीट, डोक्यावर टोप, हातात थांबण्याची पाटी. गाडीच्या नाकापासून पाच-सहा हातांवर. ती मागे सरकायला लागली होती आणि एक पाय रस्त्याखालच्या खडीत होता.

मुलगी खिडकीशी आली. तिचा चेहरा उतरला होता. ती आत वाकली आणि तो एकदम बदलला.

“मिसेस आपोडाका? नऊ नंबर?” ती हसायलाच लागली. “मी डेल्फिन. सेकाटेरोंची डेल्फिन. तुमच्या मागच्या सीटवर बसायची, उलट्या व्हायच्या मला.”

“डेल्फिन,” एर्लिंडा म्हणाली. “किती मोठी झालीस.”

“दोन पोरांची आई आहे. व्हर्नामावशी, तू पण? बाप रे, सगळी बसच आली की. मी केव्हाची पाटी हलवतेय, तुम्ही काही थांबेनात. म्हटलं मस्करी चाललीय की काय.”

“मस्करीच,” एर्लिंडा म्हणाली.

डेल्फिन आणखी काहीबाही बोलत राहिली. नवरा खाणीवर असतो, मुलं सासूकडे, हे काम नाताळपर्यंत आहे. मग तिच्या खांद्यावरच्या यंत्रातून आवाज आला, तिने पाटीची ‘सावकाश जा’ची बाजू पुढे फिरवली आणि हात हलवला. एर्लिंडाने गाडी पुढे घेतली. चालण्याच्या वेगाने कामाची जागा पार केली, आणि जिथे कडेला रुंद जागा आली तिथे गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. कुणालाही काही न सांगता ती काटेरी तारेच्या कुंपणापर्यंत चालत गेली आणि एका खांबाला धरून उभी राहिली.

आत यव्हेट पिन्योन गोळा करत म्हणाली, “आईला काय झालं?”

“तू बस,” व्हर्ना म्हणाली. “मी जाते.”

कुंपणापलीकडे नुसतं गवत होतं, पार क्षितिजापर्यंत. व्हर्ना शेजारी येऊन उभी राहिली. मग एर्लिंडा म्हणाली, “मला ती दिसली नाही.”

“माहीत आहे.”

“तसं नाही. मला मधलं काही दिसतच नाही, व्हर्ना. मे महिन्यापासून. त्याच्याही आधीपासून.”

“माहीत आहे मला.”

एर्लिंडाने तिच्याकडे मान वळवली. “कधीपासून?”

“जुलैत माझ्याकडे आली होतीस. कॉफी कपाच्या बाहेर ओतलीस आणि कप उचलून प्यायलीस. रिकामा.”

“आणि म्हणून तू गाडीत बडबडायला लागलीस. गाय आहे, ट्रक आहे.”

व्हर्नाने मान डोलावली.

“मला वाटलं, तू म्हातारी झालीस,” एर्लिंडा म्हणाली. “बोलली का नाहीस मला? एक शब्द बोलायचास. अगं, ती डेल्फिन होती. कागदाच्या पिशव्या मी तिच्यासाठी सीटखाली ठेवायचे.”

“तू आपण होऊन सांगशील म्हणून वाट बघत होते. वाटलं, तुझ्या तोंडून हे काढून घेणं बरं नव्हे.” व्हर्नाने कुंपणाच्या तारेवर हात ठेवला. “आणि वाटलं, मी शेजारी आहे तोवर काही होणार नाही. तुला दोन डोळे, मला दोन. मिळून भागेल. आज मी बाटली उचलायला वाकले. तेवढंच. माझंही चुकलं, एर्लिंडा. तुझ्याइतकंच.”

एर्लिंडाला तिचा राग आला होता, आणि तो राग धरून ठेवायला जागा उरली नव्हती. तिने नाक पुसलं. एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने गवत झोपलं आणि पुन्हा उभं राहिलं.

गाडीपाशी येऊन एर्लिंडाने यव्हेटच्या खिडकीतून चावी आत धरली. “तू चालव.”

“आई, काय झालंय?”

तिने सांगितलं. उभ्याउभ्याच, चार वाक्यांत. डॉक्टर काय म्हणाले तेसुद्धा. पर्समधून घडी केलेला कागद काढून दिला. यव्हेटने तो वाचला, पुन्हा वाचला. तिचा चेहरा आधी नर्सचा झाला आणि मग मुलीचा.

“मे महिन्यातला कागद आहे हा,” ती म्हणाली. “आई, मी दवाखान्यातच काम करते. त्याच इमारतीत, दोन मजले वर डोळ्यांचा विभाग आहे. मी रोज डबा तिथे खाते.”

“हो.”

“पाच महिने. यावर इंजेक्शनं असतात. पाच महिने वाया घालवलेस.”

“ओरड,” एर्लिंडा म्हणाली. “ओरडून घे.”

यव्हेट ओरडली नाही. तिने चावी घेतली आणि दार इतक्या जोरात लावलं की युफेलिया दचकली. फिदेन्सिओ मागून सरकत सरकत मधल्या सीटपर्यंत आला होता. त्याने बायकोच्या हाताला हात लावला. “मी विचारायला हवं होतं,” तो म्हणाला. “दाढीचा साबण तू टूथब्रशला लावलास तेव्हाच.”

“तेव्हा तुम्ही हसलात.”

“हसलो खरा.”

“सगळ्यांना सगळं माहीत होतं म्हणजे,” युफेलिया म्हणाली. “मला एकटीला कुणी सांगितलं नाही. मी ऐंशी वर्षांची बाई, आंधळ्या गाडीत बसलेय.” मग थोडं थांबून, जरा मऊ आवाजात, “चल, आत बस. थंडी आहे.”

एर्लिंडा व्हर्नाच्या जागेवर बसली, व्हर्ना मागे गेली. यव्हेटने इंजिन चालू केलं.

“आधी गाडी मागे वळव,” एर्लिंडा म्हणाली.

“कशाला?”

“त्या पोरीला मी खोटं सांगितलंय.”

“आई, तिला काही झालेलं नाही. तिला कळलंसुद्धा नाही.”

“म्हणूनच.”

यव्हेटने आरशातून वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. गाडी मागे वळली.

डेल्फिन पाटीवर हात टेकवून उभी होती, समोर तीन गाड्यांची रांग. एर्लिंडा उतरली आणि खडीतून चालत तिच्यापर्यंत गेली. व्हर्ना दहा पावलं मागे थांबली.

“काही विसरलात का?”

“मस्करी नव्हती ती,” एर्लिंडा म्हणाली. “मला तू दिसली नाहीस, डेल्फिन. माझे डोळे गेलेत. मला माहीत होतं आणि तरी मी चालवत होते. व्हर्ना बोलली नसती तर मी थांबले नसते.”

डेल्फिनच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते हळूहळू गेलं. तिने खाली रस्त्यावर पाहिलं. चाकांचे काळे पट्टे तिच्या बुटांच्या जवळच येऊन थांबले होते.

“मला दोन मुलं आहेत,” ती म्हणाली.

“सांगितलंस मघाशी.”

“मग हे का सांगताय मला आता? मला बरं वाटलं होतं तुम्हाला भेटून. सकाळपासून तेवढी एकच चांगली गोष्ट झाली होती.”

एर्लिंडाने मागे गाडीकडे हात केला. ती म्हणाली, “मी आता चालवत नाहीये. मुलगी चालवतेय. यापुढे चालवणार नाही. एवढंच सांगायचं होतं. आणि चुकले मी.”

डेल्फिनने ओठ घट्ट मिटले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. खांद्यावरचं यंत्र खरखरलं. “जा आता,” ती म्हणाली. “रांग सोडायची आहे मला.” आणि तिने पाटी फिरवली.

सहल मात्र त्यांनी पुरी केली. परत फिरावं असं यव्हेटला वाटत होतं, पण व्हर्नाच्या बहिणीने मेंढी कापली होती. मेनी फार्म्सला पोचेपर्यंत एर्लिंडाने यव्हेटला एकशे दहा वेळा ब्रेक लावायला सांगितलं, निदान युफेलियाने तरी तेवढे मोजले. एर्लिंडाचा स्वतःचा उजवा पाय दिवसभर गाडीच्या तळाला दाबत राहिला. दुसऱ्या दिवशी सगळे जवळच्या चिन्लेच्या दरीच्या काठावर गेले. खाली ओढ्याकाठची झाडं पिवळीजर्द झाली होती. एर्लिंडाने मान तिरकी करून, दरीच्या शेजारच्या आभाळाकडे पाहिलं, आणि तसं पाहिल्यावर पिवळं सगळं कडेला नीट दिसलं. तिने व्हर्नाला विचारलं, “खाली घोडा आहे का?”

“दोन,” व्हर्ना म्हणाली. “एक बसलाय.”

परत आल्यावर यव्हेटने तिला सोमवारीच आल्बुकर्कला नेलं. डावा डोळा वाचण्यातला नव्हता. उजव्यात दर महिन्याला इंजेक्शन. पहिल्या वेळी एर्लिंडाने नर्सचा हात इतका दाबला की ती म्हणाली, “बाई, हा हात मला लागतो अजून.” जेवढं गेलं तेवढं गेलं, पण पुढचं थांबलं. परवाना तिने स्वतः जाऊन परत केला. खिडकीवरच्या बाईने फोटो पाहून विचारलं, “तुम्ही नऊ नंबर ना?” एर्लिंडा म्हणाली, “होते.” बाहेर येऊन गाडीत बसली आणि बराच वेळ पट्टा लावायचं विसरली.

फिदेन्सिओने डिसेंबरात गाडी बाहेर काढली. आधी चर्चपर्यंत, मग किराण्यापर्यंत, ताशी वीस मैलांनी. मागे लोक भोंगे वाजवायचे, तो खिडकीतून हात काढून त्यांना पुढे जा म्हणायचा. एर्लिंडा शेजारी बसून जीभ चावायची. दोन-तीनदा भांडणं झाली, एकदा ती अर्ध्या वाटेत उतरून चालत घरी आली. पण घर बंद पडलं नाही.

एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी दारात एक ट्रक थांबला. डेल्फिन होती, दोन्ही मुलांना घेऊन. अलामोला माहेरी आली होती. आत येऊन ती खुर्चीच्या टोकावर बसली, जाकीट न काढता. एर्लिंडाने कॉफी ओतली, कपाच्या कडेला बोट ठेवून, म्हणजे भरलेलं कळावं. डेल्फिन ते बघत होती.

“मी कितीतरी दिवस तुमच्यावर रागावले होते,” ती म्हणाली.

“रागावायचंच.”

“नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, पोलिसात जा. मी नाही गेले.” तिने कप हातात फिरवला. “मग विचार केला, तुम्ही मागे आला नसतात तर मला कळलंच नसतं. मी घरी जाऊन सांगितलं असतं, आज आमच्या बसवाल्या बाई भेटल्या.”

धाकट्याने तेवढ्यात टेबलावरची पिन्योनची वाटी उलटी केली. दाणे सगळीकडे गेले. डेल्फिन उठायला लागली तर एर्लिंडा म्हणाली, “बस तू. मला सापडतात.” आणि ती गुडघ्यांवर बसून फरशीवर हात फिरवू लागली. थोड्या वेळाने थोरली मुलगीही तिच्याजवळ येऊन बसली आणि वेचलेले दाणे एक एक करून तिच्या तळहातावर ठेवू लागली.

निघताना डेल्फिनने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. एर्लिंडाने विचारलं, “पुन्हा येशील?”

“बघू,” डेल्फिन म्हणाली.

जूनमध्ये ती आली. त्या वेळी तिने जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि जेवायला थांबली.